रविवारचं ऑलिव्ह

मला माझ्या मुलीशी फोनवर बोलता येत नसे. समोर असली की यायचं, म्हणजे भांडता यायचं, आणि आमच्या घरात त्यालाच बोलणं म्हणतात. पण लग्नानंतर ती युरोपातल्या एका थंड देशात गेली, दर रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल करू लागली, तेव्हा लक्षात आलं की आपल्याकडे एकूण दोनच वाक्यं आहेत. ‘जेवलीस का’ आणि ‘तब्येत बरी ना’. ती संपली की मी ‘घे, आईशी बोल’ म्हणून फोन बायकोच्या हातात द्यायचो आणि गॅलरीत जाऊन कपडे वाळलेत का ते बघायचो. पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आयुष्यभर रंगांची क्वालिटी तपासली. एक डबा नापास करताना मी अर्धा तास बोलू शकायचो. पोरीपुढे मात्र बोबडी वळायची, आणि फोन देऊन टाकल्यावर वाईट वाटायचं.

तिच्या तिथल्या दुसऱ्या वर्षी, एका रविवारी फोन बायकोकडे देता देता मला मुलीच्या मागे एक झाड दिसलं. हे काय म्हणून विचारलं, तर तिने फोन फिरवून तिची बाल्कनी दाखवली. मोठ्या कुंड्यांत एक अंजीर, एक लिंबू आणि एक ऑलिव्ह. ही भूमध्य समुद्राकडची, उन्हाची झाडं. तिच्याकडे जमिनीत लावली तर हिवाळ्यात गारठून मरतात, म्हणून कुंडीत वाढवायची. उन्हाळाभर दक्षिणेच्या भिंतीला टेकवून ठेवायची आणि थंडी पडायच्या आत घरात ओढून घ्यायची. त्यासाठी तिने कुंड्यांखाली चाकांच्या फळ्या बसवल्या होत्या. मी चाकं कसली, माती कुठली, पाणी किती, असं विचारत गेलो. बायकोने फोनसाठी दोनदा हात पुढे केला, मी दिला नाही. वीस मिनिटं झाली होती. मला नोकरीत बढती मिळाल्यावरही इतका आनंद झाला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी मी एका नर्सरीत गेलो आणि एक अंजीर व एक ऑलिव्ह घेऊन नेरूळच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर चढलो. बायकोला म्हणालो, रिटायर झालेल्या माणसाला छंद हवा. खरं कारण एवढंच की पुढच्या रविवारी बोलायला काहीतरी हवं होतं.

मुलगी सांगेल ते मी वहीत लिहून घ्यायचो आणि तंतोतंत करायचो. कारखान्याची सवय. लिहिलेली पद्धत पाळायची, डोकं चालवायचं नाही. वहीत लिहिलं होतं की नोव्हेंबरच्या आधी कुंड्या घरात घ्याव्यात. त्याप्रमाणे मी दोन्ही कुंड्या बेडरूममध्ये आणल्या, खिडकी लावून घेतली आणि अंजिराला जुनी चादर गुंडाळली. वर पंखा फुल स्पीडने फिरत होता. बायको घाम पुसत म्हणाली की ह्यांना थंडी वाजते तर आपल्याला पंखा कशाला लागतो. मी तिला सांगितलं की यामागे शास्त्र आहे. ती उशी घेऊन हॉलमध्ये झोपायला गेली, ती फेब्रुवारीत कुंड्या पुन्हा गॅलरीत गेल्यावर परत आली.

उजेडाविना अंजिराची सगळी पानं गळली. मी घाबरून मुलीला दाखवलं, तर ती म्हणाली की तिच्याही अंजिराची गळलीत, हिवाळ्यात ते झोपतं. मी हरखून गेलो. आमची झाडं एकाच वेळी झोपली होती. तिच्या झाडाला बर्फाने झोपवलं आणि माझ्याला मी, हा फरक मला तेव्हा महत्त्वाचा वाटला नाही.

तिने सहज एकदा सांगितलं की चांगली थंडी मिळाल्याशिवाय ऑलिव्हला फुलं येत नाहीत. झालं. आमच्याकडे दिवाळे गावच्या कोळीवाड्यातून मासे घेऊन एक मावशी यायच्या, त्यांच्याकडून मी पापलेटाबरोबर बर्फही मागू लागलो. कशाला, म्हणून त्यांनी विचारलं. झाडाला, म्हटलं. त्यांनी टोपली खाली ठेवली.

“दादा, मासा मेलेला हाय म्हनून आमी बर्फ लावतो,” त्या म्हणाल्या. “तुमचं झाड जितं हाय ना?”

तेव्हा होतं. रोज बर्फ घालून ऑलिव्हच्या मुळांना गारवा मिळाला की नाही कोण जाणे, पण गॅलरीभर माशांचा वास पसरला आणि बिल्डिंगमधली झाडून सगळी मांजरं आमच्या दाराशी बसू लागली. वरच्या मजल्यावरच्या शाकाहारी काकांनी सोसायटीत लेखी तक्रार केली. मी लेखी उत्तर दिलं. त्यात भूमध्य समुद्राचा उल्लेख होता.

एव्हाना मी मुलीलाच सल्ले देण्यापर्यंत मजल मारली होती. सकाळी उठलो की आधी तिच्या गावचं तापमान बघायचो, मग चहा. शून्याखाली जाणार असेल तर लगेच मेसेज, की कुंडीभोवती पोतं बांध, लिंबाला दारापासून लांब ठेव. ज्या माणसाने आयुष्यात कधी बर्फ पडताना पाहिला नाही, तो नेरूळमधून गारठ्यावर मार्गदर्शन करत होता. ती सगळं ऐकून घ्यायची आणि पुढचं विचारायची. रविवारचा फोन आता तासभर चालायचा, आणि मी आठवडाभर त्याच्यासाठीच जगायचो.

जुलैत ऑलिव्ह मेलं. अंजीर माझ्या सगळ्या उपायांना पुरून उरलं, ऑलिव्हची मात्र मुळं पावसाने कुजली. सुकलेली काटकी हातात घेऊन मी गॅलरीत उभा राहिलो आणि मला झाडाचं नाही, रविवारचं टेन्शन आलं. तिला सांगितलं तर विषयच संपला असता. नर्सरीवाल्याकडे दुसरं ऑलिव्ह नव्हतं. म्हणून मी तशाच लांब, निमुळत्या पानांचं एक झाड आणलं आणि त्याच कुंडीत लावलं. ती कण्हेर होती.

फोनवर मी ती जरा लांबून दाखवायचो. लेन्सला थोडं खोबरेल लावलं की चित्र हवं तेवढं धूसर येतं, हा माझा शोध. ‘ऑलिव्ह चांगलं वाढतंय,’ मी म्हणायचो. वाढतच होतं, नको तेवढं. मग त्याला गुलाबी फुलं यायला लागली. दर रविवारी फोनच्या आधी बायको सगळी फुलं खुडून देवाला वाहायची. तिला हसू आवरायचं नाही, पण तिने मला कधी उघडं पाडलं नाही. असे तीन हिवाळे गेले.

गेल्या डिसेंबरात मुलगी दोन आठवड्यांसाठी एकटीच आली. त्या दिवशी बायको सकाळपासून तिच्या आवडीच्या स्वयंपाकात गुंतली होती आणि फुलं खुडायची राहिली. मुलीने बॅग ठेवली आणि सरळ गॅलरीत गेली. मी मागोमाग धावलो. कण्हेर नखशिखांत फुलली होती. मी घसा खाकरून म्हणालो की ऑलिव्हची ही जरा वेगळी जात आहे.

“बाबा, आमच्या शाळेच्या कुंपणाला कण्हेर होती,” ती म्हणाली. “मी पहिल्याच रविवारी ओळखली.”

मी खुर्चीत बसलो. मग बोलली का नाहीस, एवढंच विचारता आलं. ती म्हणाली की बोलले असते तर तुम्ही बोलायचं थांबला असता. मला लाज वाटली आणि त्याहून जास्त बरं वाटलं. आपल्याशी बोलायला मिळावं म्हणून पोरगी तीन वर्षं कण्हेरीची चौकशी करत होती. मग मी नेहमीचंच विचारलं, की एवढ्या थंडीत तिकडे तुझ्या ऑलिव्हला नीट झाकून आली आहेस ना.

तिने माझ्याकडे बघितलं. आवाजात तक्रार नव्हती.

“ऑलिव्हला थंडी लागते का, लिंबाला लागते का, सगळं विचारता तुम्ही. मला लागते का, ते कधीच नाही विचारलंत.”

आतून फोडणीचा आवाज आला. तिच्या गावचं तापमान मला त्या सकाळीही पाठ होतं. ते मी कोणासाठी पाठ करतो, असं कोणी विचारलं असतं तर मी झाडासाठी म्हणालो असतो, आणि मला ते खरंच वाटलं असतं.

“लागते का?” मी विचारलं.

“लागते,” ती म्हणाली. “पहिल्या वर्षी तर मी दर रविवारी फोन ठेवला की रडायचे.”