बूमला कोण आवरणार?

कोलशेतच्या शेडमध्ये आमची शिडाची बोट वर्षभर उभी होती. ती एक इंच हलली नाही, पण किस्से इतके साचलेत की मॉरिशसपर्यंत पुरतील! बोट वैद्यसरांची. ती घेऊन मॉरिशसला जाणाऱ्या टीममध्ये राकेश, आणि दोर माझ्याकडे. मी टीममध्ये नाही. "तू किनाऱ्यावरून सांभाळ," असं सर माझ्या लग्नाच्या रिसेप्शनलाच सांगून गेलेले.

*

शिडाखालच्या आडव्या दांड्याला बूम म्हणतात. मागून वारा असताना तो अचानक या बाजूचा त्या बाजूला फिरला, तर डोकं फुटतं. तो बांधून ठेवायला मला जरा ताणणारा दोर हवा होता. वागळे इस्टेटमधल्या दुकानदाराने माझा प्रश्न ऐकून उत्तर राकेशला दिलं. मग मला विचारलं, "कपडे वाळत घालायला का, मॅडम?"

म्हटलं, "हो. एकच कपडा आहे. तीस फुटी."

*

सर म्हणाले, वँग बसवलाय ना, तो बूमला खाली धरतो, पुरे. मी शेडचं दार हलवून दाखवलं. बिजागरी पक्की असली तरी दार आपटतंच.

"अगं, हे दार आहे."

"हो ना. दाराने फक्त हात चेंगरतो."

*

राकेशचं म्हणणं, दोर बूमच्या मधोमध बांधू आणि डेकवरच अडकवू. सोपं काम. सोडायला लाटांत डेकवर कोण जाणार, विचारलं.

"तू जा ना."

"मी टीममध्ये नाहीये, राकेश."

मग दोर बूमच्या टोकापासून बोटीच्या नाकापर्यंत नेला आणि तिथून मागे, सुकाणूपाशी आणला. जागेवरून न उठता सोडता येतो.

*

डोंबिवलीला, सासरी, आमच्या आत्येसासूबाई आलेल्या. सून समुद्रावर जायचं म्हणते, तर निनादच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, जेवणाचं काय, ही त्यांची काळजी.

सासूबाई भाजी निवडत म्हणाल्या, "तो कुठे चाललाय? गॅस इथेच आहे."

*

शेवटी बोट पाण्यात उतरली. ट्रायलला मला नेलं, ते दोर बांधायला. फोटो काढायला निनादही आलेला. वारा मागून. सर सुकाणूवर उभे.

"तुझा दोर सोड. वँग एकटा पुरतो की नाही, बघू."

मी सोडला. आणि खाली बोटीच्या तळावर बसले. राकेशने माझ्याकडे पाहिलं आणि तोही बसला. निनाद कॅमेऱ्यासकट बसला. उभे फक्त सर, आणि त्यांच्या डोक्याच्या उंचीवर बूम.

सरांनी बूमकडे पाहिलं. मग खाली आमच्याकडे.

"बांध तो," ते म्हणाले. "आणि दोराजवळच बस. मॉरिशसपर्यंत."