दोन भिंगांमधलं अंतर

माझ्या धाकट्या चुलतभावावर मी जळायचो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

सत्तरच्या दशकात कुपवाडला वडिलांच्या शेडमध्ये आम्ही दोघं पत्र्याचं काम करायचो. महाबळेश्वरच्या एका दुकानदाराला पर्यटकांसाठी गमतीचा डबा हवा होता. कॅमेरा जरासा सरकवून काढलेले कड्याचे दोन फोटो आत बसवायचे आणि दोन भिंगांतून दोन्ही डोळ्यांनी बघायचे, की दरी खरोखर खोल दिसते. ज्याचा डबा पसंत पडेल त्याच्याकडे शेडची किल्ली, असं वडिलांनी जाहीर केलं. मी निर्धास्त होतो. भावाचा डावा डोळा लहानपणी देवी आल्या तेव्हाच गेलेला, आणि एका डोळ्याला ती खोली दिसतच नाही.

भिंगांमधलं अंतर मी माझ्याच डोळ्यांवरून घेतलं आणि डाख देऊन ती कायमची पक्की बसवली. दरी बघून मीच एक पाऊल मागं सरकलो! बायकोला दाखवलं. ‘बरं हाय,’ म्हणाली आणि कपाळ चोळत बसली. तिच्या डोळ्यांतच दोष आहे, असं मी ठरवून टाकलं.

तो मात्र मोजपट्टी घेऊन गावभर हिंडत होता. चहावाला, शेजारचे कामगार, पोरीबाळी, कुणाला सोडलं नाही. डोळ्यांमधलं अंतर मोजायचा, डबा हातात द्यायचा आणि विचारायचा, ‘येक दिसतंय का दोन? डोकं दुखतंय का?’ शेवटी त्यानं भिंगं सरकती केली, नाकासाठी खाच ठेवली. माझ्या बायकोनं तो डबा डोळ्यांना लावला, भिंगं जुळवली आणि ‘आवं, पडले की!’ म्हणत टेबल घट्ट धरलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दुकानदारानं त्याचाच डबा पसंत केला. संध्याकाळी शेडला कुलूप भावानं लावलं. मग पिशवीतून आपला डबा काढून माझ्यापुढं धरला.

‘दादा, मला तर फोटूच दिसतोय. आत काय हाय, तू सांग की.’

मी डोळे लावले. दरी तळापर्यंत उघडी पडली होती, अलीकडची फांदी हाताला लागेल अशी.

‘काय न्हाई,’ मी म्हणालो. ‘साधा फोटूच हाय.’

त्यानं डबा परत घेतला, फडक्यानं भिंगं पुसली.

‘मग वैनीनं टेबल कशापायी धरलं रं, दादा?’