भिंतीवरचे पत्रे

वलवणला माझ्या आणि शेजाऱ्याच्या घरांमध्ये एकच भिंत आहे. त्याचे छप्पर खाली असल्यामुळे तिचा वरचा भाग उघडा राहतो आणि दर पावसाळ्याआधी त्यावर पत्रे ठोकावे लागतात. घर बांधले तेव्हा मीच चार माणसांसमोर त्याला म्हणालो होतो, "भिंत तुझीच समज, पण पत्रे तू ठोक." काम टळले म्हणून मी खूश होतो. तो बारा वर्षे पत्रे ठोकत राहिला. यंदा मी त्या भिंतीवर वरची खोली चढवायला घेतली, तर भिंत आपली म्हणून त्याने दावा लावला.

परवा कोर्टात त्याच्या वकिलाने मला विचारले, "पत्रे कोण लावतं?" खोटे बोललो असतो, पण ती चार माणसे बाहेर बाकावर बसली होती.

दमून घरी आलो, तर हा शेजारी पत्रे ठोकायला शिडीवर.

"उतर खाली. दावा चालू हाय."

"भाऊ, पाणी तुमच्या बी खोलीत येतंय न्हवं?"

मी आत जाऊन बसलो. खिळ्यागणिक त्याचा पुरावा पक्का होत होता, आणि माझी खोली कोरडी राहणार होती. मी त्याला थांबवले नाही.