सुरीनं थापलेलं ऊन

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. मग आता तरी का सांगतोय? — माहीत नाही.

पूनम सागर या आमच्या वसाहतीत मी चित्रकलेचे क्लास घेतो. माझी तैलचित्रं तुम्ही पाहिली असतील — इथल्या दवाखान्यांत, सोसायट्यांच्या लॉबीत. रंगाचे जाड थर, त्यांवर सांडलेलं ऊन. लोक त्याला माझी शैली म्हणतात.

ती माझी नाही.

पंधराएक वर्षांपूर्वी उत्तनच्या रोझीताई क्लासला यायच्या. पन्नाशीच्या; सकाळी मासळी विकून दुपारी हजर. एकदा त्यांनी किनाऱ्यावर वाळत घातलेले बोंबील रंगवून आणले. ब्रश नाहीच — रंग कालवायच्या चपट्या सुरीनं रंग थापलेला. सावलीत काळा नावालाही नाही, जांभळा आणि निळा. जवळून नुसती रंगाची ढेकळं. चार पावलं मागे गेलो आणि — डोळे दिपले. थरांच्या उंचवट्यांवर खिडकीतला उजेड अडकत होता, चित्रातली दुपार अक्षरशः हलत होती.

मी वीस वर्षं तेच तर शोधत होतो. मला आनंद व्हायला हवा होता, नाही का? मी काय केलं? — सगळ्या वर्गासमोर म्हणालो, "रोझीताई, हे चित्र नाही, गिलावा आहे. रंग फुकट घालवू नका."

त्या कसनुसं हसल्या. "बरं सर. माझा हात न्हाय वळत." पुढच्या आठवड्यापासून आल्याच नाहीत. मी फोन केला नाही. त्याच महिन्यात मी तसली सुरी विकत आणली.

आणि आता यातून बाहेर पडता येत नाही. येणारा प्रत्येक जण म्हणतो, "सर, तेच ऊन पाहिजे हं." दुसरं काही काढायला बसलो तरी हात सुरीकडेच जातो. ब्रशनं मी पूर्वी काय काढायचो, तेही आता आठवत नाही.

गेल्या वर्षी भाईंदरला माझं प्रदर्शन होतं. रोझीताई नातीला घेऊन आल्या. उत्तनच्या किनाऱ्याच्या मोठ्या चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मी मागेच होतो. एक वाक्य बोलायचं होतं — एकच. तेवढ्यात त्या नातीला म्हणाल्या, "बघ, असं काढायचं असतं. माझं चुकत होतं. सरांनी तवाच सांगितलेलं."

मग वळून म्हणाल्या, "लय सुंदर हाय, सर."

मी थँक्यू म्हणालो.