हौद्यात कोण बसणार?

दर्यापूरच्या नासिर मिस्त्रीला किळस फार लवकर येई. ग्रीसची नाही, काळ्या तेलाची तर मुळीच नाही. पण कुणी दोऱ्याने बांधलेला पाइप किंवा घाईत गुंडाळलेली वायर दिसली, की तो तोंड फिरवून थुंकायचा. "ह्यांच्या नाकाले साऱ्या गावाची घाण येते," असं त्याची बायको गुलनार म्हणे. मीसुद्धा माझी स्कूटर पुसूनच त्याच्याकडे नेत असे.

दोन हजार सहा साली मजुरांचा ठेकेदार नत्थुजी याने त्याच्याकडे एक पिकअप ओढून आणली. अडुसष्टचं मॉडेल. कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या आवारात ती पंधरा वर्षं उभी होती. आमच्याकडे त्या वर्षांत वेचायला कापूसच उरत नव्हता, म्हणून नत्थुजी इथल्या बायांना अकोल्याकडच्या ओलिताच्या शेतांवर नेई. त्यासाठी त्याला गाडी हवी होती.

नासिरने एअर फिल्टर उघडला, तर आत उंदराचं वाळलेलं बिऱ्हाड, पिलांसकट. त्याने ते चिमट्याने काढलं, तोंड वाकडं न करता. "हा बॉनेटचा पत्रा पाहा, गुरुजी," तो मला म्हणाला. "आता असा पत्रा तव्यालेबी मिळत नाई." टाकीत खडी घालून, हलवून हलवून त्याने गंज काढला. महिन्याभरात इंजिन सुरू झालं. मग त्याने चाकं उघडली. चारही चाकांचे ब्रेक गेलेले होते.

"ते राहू द्या," नत्थुजी म्हणाला. "कलर मारा झकास. पासिंगच्या कागदाचं एजंट पाहून घेते. गाडी दाखवाचीबी गरज नाई."

"हौद्यात कोन बसन?"

"बाया. अठरा-वीस."

"आन तुमी?"

"माही मोटारसायकल हाय ना."

नासिर थुंकला. नत्थुजीने दुसऱ्याच दिवशी पिकअप ओढून दुसरीकडे नेली.

पंधरा दिवसांनी ती बाजारात दिसली. निळीशार, कडेला पिवळी फुलं काढलेली. नासिर भर रस्त्यात तिच्याखाली शिरला आणि बाहेर आला तो ओकारी दाबत आल्यासारखा. मागच्या चाकांकडे जाणारा ब्रेकचा पाइप गळत होता, म्हणून कुणीतरी तो हातोडीने ठोकून चपटा करून टाकला होता. पुढचे ब्रेक तसेच गळत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायां​च्या आधी तो चौकात जाऊन उभा राहिला. पिकअप आली. ड्रायव्हर उतरून चहाला गेला. बाया डबे घेऊन चढू लागल्या, तसा नासिर म्हणाला, "या गाडीले ब्रेक नाई. बसू नका."

"तुले काम नाई भेटलं म्हून बोलून रायला का रे भाऊ?" त्यांच्यातल्या पंचफुलाने टोमणा मारला. बाया हसल्या.

जाईबाई हसली नाही. साठीची बाई, टोळीतली सर्वांत जुनी. "मले दाखव," ती म्हणाली. लुगडं सावरून ती ड्रायव्हरच्या जागेवर चढली. नासिरने दाखवलेल्या पॅडलवर तिने पाय ठेवला. पॅडल थेट खाली टेकलं.

"अवो, हे तं शिलाई मशीनपेक्षा हलकं हाय!"

ती उतरली. हौद्यात चढलेल्या बायाही एकेक करून उतरल्या. तेवढ्यात नत्थुजी फटफटत आला. "माहा धंदा काहून बुडवतं बे?" तो नासिरवर ओरडला.

जाईबाई मध्ये आली. "भाऊ, तू बस हौद्यात. मंग आमी बसतो."

नत्थुजी बसला नाही. बायांचा रोज बुडाला. घरी जाताना दोघीतिघी नासिरलाच बोल लावत होत्या.

आठ दिवस एकही बाई चढली नाही. नवव्या दिवशी पिकअप पुन्हा नासिरच्या दारात आली.

"ब्रेक करा. पन कलर राहू द्या, नवा हाय," नत्थुजी म्हणाला.

नासिरने पटाशी उचलली. तो हौद्यात चढला आणि खरवडू लागला. निळ्या रंगासकट भाकरीएवढा पुट्टीचा पोपडा निघाला. खाली पत्रा नव्हताच. भोकातून रस्त्याची माती दिसत होती.

तो पोपडा नासिरने नत्थुजीच्या हातात दिला.

"धरा. याच्यावर बसवून रायले होते तुमी बायांले."

नत्थुजी तो कुठे टाकावा ते न कळून धरून उभा राहिला. नासिर गाडीखाली शिरला होता आणि तिथून त्याच्या थुंकण्याचा आवाज येत होता.