रेषेवर थांबलेली गोलकीपर

जपानातल्या मोठ्या भूकंपाच्या वर्षी सप्टेंबरात मी मुंबईहून टोकियोतल्या ओजिमाला परत आले. मार्चमध्ये नवऱ्याच्या बँकेने सगळ्या बायकामुलांना विमानात बसवून घरी पाठवलं होतं. आमचं घर सातव्या मजल्यावर. तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींना न सांगताच मी गेले होते. परतल्यावर त्या लिफ्टमध्ये भेटल्या.

"भूकंपानंतर पाणी घेऊन वर आले होते मी," त्या म्हणाल्या. "दार बंद होतं."

आवाजात राग नव्हता, म्हणूनच मला जास्त लागलं. पुढच्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "वहिनी, रविवारी हॉकी बघायला येता का?" तेव्हा मी लगेच हो म्हणून टाकलं.

आजींनी तीस वर्षं एका कॉलेजच्या मुलींच्या हॉस्टेलमध्ये स्वयंपाक केला होता. त्या निवृत्त झाल्या तरी त्या कॉलेजची हॉकी टीम 'माझ्या मुली'च राहिली. मी पुण्यात कॉलेजच्या टीममध्ये दोन वर्षं गोलकीपर होते, हे कळल्यावर तर त्यांनी मला दर रविवारी गृहीतच धरलं. फुनाबोरी स्टेशनच्या पुढे नदीकाठी एक टर्फ होतं. थर्मासमध्ये चहा आणि गुडघ्यांवर पांघरायला शाल घेऊन आम्ही जायचो.

पहिले चार सामने आमच्या मुलींनी जिंकले. माझी नजर अर्थातच गोलकीपरवर असायची. उत्तरेच्या किनाऱ्यावरची, शेवटच्या वर्षाची, चणीने लहान मुलगी. समोरची फॉरवर्ड गोलपुढच्या डीमध्ये शिरली की ही पॅड्ससकट धावत पुढे यायची आणि सरळ तिच्या स्टिकखाली अंग झोकून द्यायची. एवढं धाडस माझ्यात कधीच नव्हतं. घरी येऊन नवऱ्याला स्वयंपाकघरात हातवारे करून ते दाखवताना मी पुन्हा एकोणीस वर्षांची व्हायचे.

ऑक्टोबरच्या मध्यावर टीम हरायला लागली. आधी तीन-शून्य, मग चार-एक, मग पुन्हा तीन गोल. आजी कधी फॉरवर्ड्सना दोष द्यायच्या, कधी कॅप्टनच्या गुडघ्याला. आठवडाभर लिफ्टमध्ये, कचरा टाकायला जाताना, जिथे भेटू तिथे हाच विषय. अशीच गत राहिली तर खालच्या गटात जावं लागणार होतं.

तिसऱ्या पराभवानंतर मी म्हणाले, "आजी, गोलकीपर रेषेवरून हलत नाहीये. पुढे यायला हवं तिथे नुसती उभी राहते."

आजी चहा ओतत होत्या, त्या थांबल्या. परतीच्या ट्रेनने नदी ओलांडली तेव्हा त्यांनी सांगितलं. त्या गोलकीपर मुलीला तिच्या आजीने वाढवलं होतं. मार्चमधल्या त्सुनामीपासून ती आजी बेपत्ता होती. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात मुलगी सगळ्यांना सांगायची, आजीला ऐकू कमी येतं, कुठल्या तरी निवाऱ्यात असेल, नाव सांगता येत नसेल तिला. वसंत गेला, उन्हाळा गेला, ती हेच सांगत राहिली आणि खेळत राहिली. ऑक्टोबरात गावाहून फोन आला. खाडीत सापडलेल्या एका देहाची ओळख पटली होती.

"चार दिवस गावी जाऊन आली आणि दुसऱ्या दिवशी सरावाला उभी राहिली," आजी म्हणाल्या. "सगळे तिला म्हणाले, बरं झालं, सापडल्या. मीही तेच म्हटलं. हल्ली सगळे तसंच म्हणतात."

त्या आठवड्यात बाल्कनीत कपडे वाळत घालताना मला चेंडू गोलच्या फळीवर आपटल्याचा आवाज यायचा. कोपऱ्यावरच्या कोन्बिनी दुकानात दुधाच्या कपाटासमोर उभी असतानाही यायचा. मागे वळून बघावं, तर कोणी नसायचं.

पुढच्या सामन्यात मध्येच सगळ्यांचे फोन एकदम केकाटले. भूकंपाची सूचना. दोन्ही टीमच्या मुली मैदानाच्या मध्यभागी जाऊन उकिडव्या बसल्या. कोच ओरडत होते, गोलपोस्टपासून लांब व्हा. जमीन हलली, जाळी थरथरली. आमची गोलकीपर मात्र दोन खांबांच्या मध्ये उभी राहून नदीकडे बघत होती. शेवटी एका मुलीने जाऊन तिचा हात धरला आणि तिला ओढून आणलं. पाच मिनिटांनी खेळ पुन्हा सुरू झाला. आम्ही हरलो.

सामना संपल्यावर मी तिच्याकडे गेले. बाकावर बसून ती पॅड्स सोडत होती. घरी पाठ केलेलं जपानी वाक्य मी म्हटलं, "मीसुद्धा गोलकीपर होते."

"कुठे?"

"भारतात. पुण्यात."

"तिथे समुद्र आहे?"

"नाही."

"बरं आहे," ती म्हणाली. मग खालीच बघत म्हणाली, "पुढे गेलं की मागे काय होतंय ते दिसत नाही."

एका पॅडचा पट्टा अडकला होता, तो मी सोडवून दिला. तिने मान झुकवली.

शेवटच्या सामन्यात कोचनी पहिल्या वर्षाच्या एका मुलीला गोलमध्ये उभं केलं. आम्ही दोन-एकने जिंकलो आणि टीम वरच्या गटात राहिली. आजींनी तर शाल उंचावून हलवली. मी सगळा वेळ बाकाकडे बघत होते. आमचा गोल झाला की सगळ्या उठायच्या आणि ती त्यांच्यानंतर क्षणभराने उठायची, टाळ्या वाजवायची, बसायची.

"जिंकलो की आपण," आजी म्हणाल्या. "मग अशा का बसलात?"

"तिला खेळवायला हवं होतं."

"तिनेच नाही म्हणून सांगितलं," आजी शाल घडी करत म्हणाल्या. "मला काल हॉस्टेलमधून कळलं."

त्यानंतरच्या मार्चमध्ये कॉलेज संपवून ती गावी गेली. मासळीच्या एका शीतगृहात कामाला लागली, असं कळलं. पुढच्या हंगामात एका रविवारी ती आमच्या दोन ओळी खाली येऊन बसली होती, केस बारीक कापलेले. नवी गोलकीपर रेषा सोडून धावत सुटली, तशी हिची पाठ ताठ झाली आणि दोन्ही हातांनी तिने बाकाची कड धरली. मी हाक मारायला उठणार, तेवढ्यात आजींनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"नको," त्या म्हणाल्या. "बघू दे तिला."

मध्यंतरानंतर ती जागा रिकामी होती.