माणूस हाय का तिथं?

काकाजी मोबाइलशी भांडत. मनातल्या मनात नव्हे, गेटवरच्या बाकावर बसून, चार लोकांत, चढ्या आवाजात. फोनमधलं ते सोशल नेटवर्क उघडल्या उघडल्या विचारायचं, ‘आज काय सांगाल?’ की काकाजी ओरडायचे, “तुले कायले सांगू बे? तू माझा सोयरा हाय का?” रांगेतले पर्यटक दचकत आणि आम्ही गाईड तोंडं फिरवून हसत असू.

नागझिऱ्याच्या जंगलाच्या आमच्या गेटवर ते सगळ्यात जुने गाईड. गुडघे गेल्यावर त्यांनी जिप्सीत चढणं सोडलं आणि आमचे नंबर लावायचं काम घेतलं. ज्याचा नंबर त्याची गाडी, हा गेटचा कायदा. पर्यटक कोणाचा भाऊ असो की साहेब असो, गाईड निवडून मिळायचा नाही. रायपूरच्या लोकांना ते हिंदीत बजावत, “साहब, मोबाइल जेब में, आँख बाहर.” कुणी हुज्जत घातली तर त्याची गाडी ते सगळ्यात शेवटी सोडत.

मी गाईड झाले तेव्हा गणवेशातला माझा पहिला फोटो काकाजींनीच काढला. मला विचारून, माझ्या आईला विचारून, त्या नेटवर्कवरच्या गेटच्या पानावर टाकला. “आपल्या गेटची पयली पोरगी,” एवढंच खाली लिहिलं. पुढे काही महिन्यांनी तोच फोटो दुसऱ्या एका खात्यावर दिसला. नाव माझं, तोंड माझं, खाली लिहिलेलं मात्र असं, की ते मी इथे लिहिणार नाही. ते खातं कुणी काढलं हे मला आजही माहीत नाही. मी बघितलं तेव्हा मला भीती नाही, संताप आला.

आईनं एकच वाक्य धरलं, “घरी बस.” नातेवाईक फोन करू लागले होते, आणि त्या फोनांना उत्तर देणं तिला जमत नव्हतं. दुसऱ्या दिवशी काकाजी काठी टेकत घरी आले. पाणीही न पिता आईला म्हणाले, “पोरीनं काऊन बसाचं घरी? तिनं काय केलं? ज्यानं केलं थो मोकळा फिरून राहिला, अन् तुमी हिले कोंडून राहिले!” आई रडायला लागली. काकाजींनी तिला रडू दिलं आणि मग मला म्हणाले, “उद्या सकाळी तुझा नंबर हाय. वेळेवर ये.”

पोलिसांत अर्ज दिला. नेटवर्ककडे तक्रार केली ती काकाजींनीच, कारण मूळ फोटो त्यांचा. उत्तर यायला वेळ लागला नाही. तक्रार तपासली, खातं नियमांत बसतं, धन्यवाद. काकाजींनी पुन्हा तक्रार केली, पुन्हा तेच उत्तर, काना-मात्रेचाही फरक नाही. तेव्हा ते फोन तोंडासमोर धरून ओरडले, “कोणं तपासली बे? नाव सांग ना तुयं!” त्या दिवशी कुणी हसलं नाही.

त्याच दुपारी गाड्या परत आल्यावर त्यांनी सगळ्या गाईडांना झाडाखाली उभं केलं. मनोहरला पुढे बोलावलं. मनोहर आमच्यातलाच, माझ्यासोबत प्रशिक्षण घेतलेला, माझ्या डब्यातली भाजी खाणारा. काकाजींनी फोन त्याच्यापुढे धरला. त्या घाणेरड्या फोटोखाली लाल बदाम होता आणि शेजारी मनोहरचं नाव. आणखी तिघाचौघांचीही होती.

“गंमत म्हणून दाबलं, काकाजी,” तो म्हणाला. “आमाले वाटलं, तिचंच खातं हाय.”

म्हणजे माझंच असतं तर चाललं असतं! त्याचं हे वाक्य अजून माझ्या डोक्यात जातं. खातं काढणारा मला अनोळखी होता, पण हे लोक रोज सकाळी मला नमस्कार करत.

काकाजींनी शिव्या दिल्या नाहीत. ते म्हणाले, “जेथं आपल्या पोरीची अब्रू काढतेत अन् तक्रार कोणी आयकत नाई, तेथं आपण राहाचं नाई. सारे निघा.” पण निघून जायचं कुठे? गोंदियाच्या कॉलेजात शिकणाऱ्या त्यांच्या नातीनं त्यांना एक नवं नेटवर्क दाखवलं होतं. जाहिराती नाहीत, तक्रार आली तर ती चालवणारी माणसं स्वतः वाचतात, असं ती म्हणाली. काकाजींचा यंत्रावर विश्वास नव्हता आणि नातीच्या बोलण्यावरही. त्यांनी आधी परीक्षा घेतली. तक्रारीच्या जागी जाऊन लिहिलं, ‘माणूस हाय का तिथं?’

संध्याकाळी उत्तर आलं, ‘आहे. बोला काका.’

ते उत्तर त्यांनी गेटवर सगळ्यांना दाखवलं, चहावाल्यालासुद्धा. “पाय वो, माणूस हाय!” एवढे आनंदलेले काकाजी मी तोवर पाहिले नव्हते. शरमेनं म्हणा की धाकानं, सगळ्या गाईडांनी तिथे खाती उघडली. काकाजी रोज संध्याकाळी काहीतरी लिहीत. ‘आज मोहाखाली अस्वल. गाडीतले साहेब झोपले होते.’ खाली केरळातल्या कुण्या माणसानं त्याच्या भाषेत काही लिहिलं की त्यांना कोण कौतुक! “तेथंवर गेलं माझं अस्वल,” म्हणायचे.

पण मग मनोहरला वाघीण दिसली, पिल्लांसकट. फोटो त्यानं टाकला तो जुन्या नेटवर्कवर. खातं त्यानं बंद केलंच नव्हतं. बदामांचा पाऊस पडला आणि पुढच्या आठवड्यात पर्यटक गेटवर येऊन म्हणू लागले, “हमें मनोहर गाइड चाहिए.” काकाजी म्हणत, “नंबर से मिलेगा.” लोक वर ओळखी लावू लागले, आणि एकेक गाईड गुपचूप जुन्या जागी परतू लागला. काकाजींनी विचारलं तेव्हा मनोहर ताडकन म्हणाला, “थेथं बजार भरते, काकाजी. तुमच्या इथं कुत्रं फिरकत नाई.”

“मंग आपल्या बहिणीचा फोटो ठेव ना त्या बजारात,” काकाजी म्हणाले. मला त्या वाक्यानं बरं वाटलं, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

शेवटी नव्या जागी आम्ही दोघंच उरलो. मी म्हणायची, “काकाजी, दोघांसाठी कायले लिहिता?” ते म्हणायचे, “दोघं का कमी हायेत? जेवाले बसतो तं गाव घेऊन बसतो का?” आणि पुन्हा काहीतरी लिहायचे. चिखलातला माग, सांबराची ओरड, कुण्या पर्यटकाचा मूर्खपणा. नंबरही ते तसेच लावत राहिले, मनोहरच्या नावानं येणाऱ्यांना शेवटी सोडत.

उन्हाळ्यात काकाजी गेले. छातीत दुखलं आणि गोंदियाला पोहोचण्याआधीच संपलं. जे नेटवर्क त्यांनी थुंकून सोडलं, तिथेच त्यांचा फोटो फिरला. फुलांची चौकट, दोन पणत्या, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. टाकणारा मनोहर. मला नातीनं ते दाखवलं आणि म्हणाली, “ताई, खाली पायशील नको.”

मी पाहिलं. खाली माझं नाव होतं, गणवेशातलं माझं तोंड होतं. त्या खोट्या खात्यानं लिहिलं होतं, ‘काकाजी, तुमची लाडकी पोरकी झाली.’ आणि त्याखाली गेटवरची माणसं ओळीनं तिचं सांत्वन करत होती. धीर धर ताई. काळजी घे ताई. सगळ्यात वर मनोहर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेटवर गेले. आदल्या दिवसापासून मला कुणी एक शब्द विचारला नव्हता. मनोहर बाकावर बसला होता, काकाजींच्या जागी, फोनमध्ये डोकं घालून. मी त्याच्यापुढे उभी राहिले.

“त्या खात्याले कायले धीर देऊन राहिला बे? मी येथं उभी हाय. माले दे ना.”

त्यानं वर पाहिलं. माझी गाडी लागली होती. मी जाऊन पुढच्या सीटवर बसले आणि ड्रायव्हरला म्हटलं, चल.